बंद खोलीत वारा कुठून आला? आबी वारबुर्गबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम. ए.च्या अभ्यासक्रमात आबी वारबुर्ग या जर्मन कलेतिहासकाराचं नाव आलं. नेटवर शोधलं तर ‘आयकॉनॉलॉजीचा (म्हणजे चित्रांचा अर्थ उलगडण्याच्या शास्त्राचा) जनक’, ‘चित्रांचा ॲटलास’ असं काहीबाही मिळालं, पण त्याचं एकही धड मोठं पुस्तक सापडेना. मग त्याला एवढं का मानतात, आणि सुरुवात कुठून करायची?

पुस्तक सापडत नाही, कारण ते नाहीच. हयातीत त्यानं छापले ते निबंध, तेही तळटीपांनी गच्च भरलेले. मृत्यूनंतर १९३२ साली ते दोन खंडांत एकत्र आले. मी कलेचा इतिहास शिकवण्यात सत्तावीस वर्षं काढली आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं वारबुर्गला मीही दोन ओळींत उरकत होतो. परीक्षेला तेवढं पुरतं. पुढं एका सुट्टीत त्यानं उल्लेखलेल्या चित्रांच्या झेरॉक्स काढून घरातल्या फरशीवर पसरल्या, एक इकडे, एक तिकडे सरकवत बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस नुसता वाचायचा नसतो, मांडून बघायचा असतो. त्याचं खरं काम मांडणीत आहे. चित्रांशेजारी चित्रं, पुस्तकांशेजारी पुस्तकं. आणि त्या मांडणीच्या पाठीशी कागदपत्रांचा भक्कम पुरावा. हा दुसरा भाग लोक विसरतात, त्याबद्दल पुढं बोलतोच.

जन्म १३ जून १८६६, हॅम्बुर्ग. घर ज्यू सावकारांचं. १७९८ पासून चालत आलेली एम. एम. वारबुर्ग ही पेढी. सात भावंडांत आबी थोरला, म्हणजे गादी त्याची. धाकटा भाऊ मॅक्स पुढं सांगायचा की तेरा वर्षांच्या आबीनं त्याला बोलावून थोरलेपणाचा हक्क देऊ केला, एका अटीवर: मी मागेन ती पुस्तकं तू आयुष्यभर घेऊन द्यायचीस. बारा वर्षांच्या मॅक्सला वाटलं, शिलर, गटे आणि फार तर क्लॉपश्टॉक अशा जर्मन कवींची पुस्तकं, पेढीला काय जड आहे! त्यानं हो म्हटलं. आपण सही केलेला सर्वांत मोठा कोरा चेक तो हाच, असं तो नंतर म्हणायचा. ही गोष्ट मॅक्सनं सांगितलेली, तेव्हा थोडं तिखटमीठ लागलेलं असणार. पण पेढीनं पुढं जन्मभर पुस्तकांची बिलं भरली हे खरंच.

बॉन, म्युनिक, स्ट्रासबुर्ग असं शिक्षण झालं. मधे १८८८-८९ चा हिवाळा फ्लॉरेन्समध्ये गेला आणि ते शहर त्याला कायमचं चिकटलं. ‘रक्तानं ज्यू, मनानं हॅम्बुर्गकर, आत्म्यानं फ्लॉरेन्सवासी’ असं तो स्वतःबद्दल म्हणायचा, तेही इटालियनमध्ये. प्रबंध १८९३ साली छापून आला, विषय पंधराव्या शतकातला फ्लॉरेन्सचा चित्रकार बॉटिचेल्ली याची दोन चित्रं: ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘प्रिमावेरा’. या चित्रांवर त्याआधी बरंच लिहिलं गेलं होतं. वारबुर्गनं नजर लावली ती बारीकसारीक गोष्टींवर: उडणारे केस, फडफडणारी वस्त्रं, त्यांच्या चुण्या.

यात एवढं काय, असं वाटेल. तेव्हा जर्मनीत अठराव्या शतकातला कलेतिहासकार विंकेलमान याच्या काळापासून एक गोष्ट पक्की धरलेली होती: प्राचीन ग्रीक-रोमन कला म्हणजे शांतता, संयम, ‘उदात्त साधेपणा’. पंधराव्या शतकातले इटालियन चित्रकार प्राचीनांकडे वळले ते ही शांती शोधायला, असा समज. वारबुर्गनं दाखवलं की आकृतीत हालचाल, आवेग, खळबळ आणायची असली की हेच चित्रकार हटकून जुन्या रोमन शवपेट्यांवरच्या नाचणाऱ्या बायकांकडे वळतात. आणि हे त्यानं हवेत सांगितलं नाही. चित्रकारांनी केस आणि वस्त्रं वाऱ्यावर उडती दाखवावीत हा चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या आल्बेर्तीचा लेखी सल्ला आणि पोलित्सियानोच्या कवितेतलं वर्णन त्यानं चित्राशेजारी आणून ठेवलं.

आता एक चित्र नीट पाहू. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मुख्य वेदीमागच्या भिंतींवर गिर्लांदायोनं १४८०च्या दशकाच्या अखेरीला भित्तिचित्रं काढली. त्यात योहान बाप्तिस्ताच्या जन्माचा प्रसंग आहे. बाळंतिणीची खोली. एलिझाबेथ पलंगावर टेकून बसलेली, दायांकडे बाळ, आणि समाचाराला आलेल्या श्रीमंताघरच्या बायका, जड रेशमी पोशाखात, खांबासारख्या ताठ. उजव्या कडेनं एक मोलकरीण आत येते. डोक्यावर फळांची टोपली. ती जवळजवळ पळतेच आहे, आणि तिची वस्त्रं मागं फुगून उडताहेत. खोली तर बंद. मग हा वारा आला कुठून?

वारबुर्ग आणि त्याचा डच मित्र आंद्रे योलेस यांनी १९००च्या सुमारास या मुलीवर एकमेकांना पत्रं लिहिली. योलेस गमतीनं म्हणतो, मी तिच्या प्रेमात पडलोय, ही आहे तरी कोण? वारबुर्गचं उत्तर साधारण असं: देहानं ती फ्लॉरेन्समधली मोलकरीण असेल, पण मुळात ती एक निर्वासित देवता आहे. हजार-बाराशे वर्षं दगडात निपचित पडलेली हालचाल इथं मोलकरणीच्या कामाला लागली आहे. पुढं तिच्या शेजारी त्यानं फ्लॉरेन्सजवळच्या सेत्तिन्यानो गावी स्वतः टिपलेला एका खेडवळ बाईचा फोटो लावला. ती बाईही चालण्याच्या घाईत आहे.

अशा पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या आकृतींसाठी त्यानं १९०५ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररवरच्या व्याख्यानात एक शब्द रुळवला: पाथोसफॉर्मेल. मी वर्गात ‘आवेगाचा साचा’ म्हणतो. याहून बरा मराठी शब्द कोणाला सुचला तर हवाच आहे. हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत ड्यूररचं १४९४ सालचं रेखाचित्र आहे, ग्रीक पुराणकथेतल्या ऑर्फियस या गायकाच्या मृत्यूचं. दोन बायका सोटे उगारून उभ्या, ऑर्फियस एका गुडघ्यावर कोसळलेला, एक हात डोक्यावर आडवा धरून वार चुकवतोय. हीच पोज ग्रीक भांड्यांवर सापडते आणि इटालियन छापचित्रांतही. मरणाची भीती दाखवायचा साचा दोन हजार वर्षं हातोहात फिरत राहिला आणि न्यूरेंबर्गच्या एका तरुणाच्या हाती पडला.

सावकाराच्या घरातून सुटका करून घेतलेल्या या माणसानं फ्लॉरेन्समध्ये जाऊन काय केलं, तर सावकारांचीच दप्तरं उघडली. फ्रान्चेस्को सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याच्या पेढीचा कारभारी. सांता त्रिनिता चर्चमध्ये त्याच्या घराण्याचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनादालन, आहे, भित्तिचित्रं पुन्हा गिर्लांदायोचीच. विषय संत फ्रान्सिसचा: पोप त्याच्या संघाला मान्यता देतोय. पण पोप मागं, आणि पुढच्या बाजूला खुद्द लोरेन्झो मेदिची, शेजारी सास्सेत्ती, पायऱ्यांवरून वर येणारी लोरेन्झोची पोरं आणि त्यांचा शिक्षक पोलित्सियानो. संताच्या चित्रात यजमानांनी एवढी घुसखोरी करावी आणि ती कोणाला खटकू नये, हे कसं? वारबुर्गनं १९०२च्या निबंधात याचं उत्तर नवसात शोधलं. सान्तिस्सिमा आनुन्त्सियाता या चर्चमध्ये लोक स्वतःचे माणसाएवढे मेणाचे पुतळे अंगावरच्या कपड्यांसकट नवस फेडायला ठेवत. १४७८ मध्ये पात्सी घराण्यानं केलेल्या खुनाच्या कटातून लोरेन्झो वाचल्यावर त्याच्या आप्तमित्रांनीही त्याचे असे पुतळे करवून घेतले. देवळात आपली प्रतिमा ठेवणं ही तिथली रीतच होती, गिर्लांदायोनं ती भिंतीवर चढवली. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहताना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गात तरी कधी लागलं नाही.

१९०७ साली त्यानं सास्सेत्तीवरच पुन्हा लिहिलं. १४८८ मध्ये लिआँच्या अवघड प्रवासाला निघण्यापूर्वी सास्सेत्तीनं मुलांना लिहून ठेवलेल्या सूचना त्यानं चॅपेलमधल्या थडग्याशेजारी ठेवून वाचल्या. एकीकडे संत फ्रान्सिसवर भक्ती, दुसरीकडे थडग्यावर गोफण घेतलेला सेंटॉर, म्हणजे ग्रीक कथांमधला अर्धा माणूस, अर्धा घोडा. भाविक की जुन्या देवतांचा चाहता? दोन्ही, एकाच वेळी आणि मनापासून, असं वारबुर्ग म्हणतो. त्याचा हा निबंध मला सर्वांत आवडतो.

आता फेरारा. आपल्या वाचकांनी तर इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण इथं आपला ज्योतिषी वराहमिहिर येतो.

फेरारा शहरातल्या स्किफानोया राजवाड्यात महिन्यांचं दालन आहे. १४७०च्या आसपास फेराराचा सत्ताधीश बोर्सो देस्ते याच्या कारकिर्दीत रंगवलेलं, पुढं चुन्याखाली गेलेलं आणि १८४० मध्ये पुन्हा उजेडात आलेलं. बारांपैकी सातच महिने धडपणे वाचले. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे: वर रथात बसलेली रोमन देवता, खाली बोर्सोचा दरबार आणि शिकार. मधल्या गडद निळ्या पट्ट्यात रास, आणि तिच्याभोवती तीन विचित्र आकृत्या. या कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मार्चच्या पट्ट्यात मेषेपाशी पहिला आहे एक सावळा, धिप्पाड माणूस. अंगात फाटकी पांढरी वस्त्रं, कमरेला दोरी, उभा राहून रोखून बघतोय.

वारबुर्गनं १९१२ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कोडं उलगडलं: हे द्रेष्काण आहेत. राशीचे तीस अंश, दहा-दहाचे तीन भाग, बारा राशींचे छत्तीस. पत्रिका मांडणाऱ्या कोणालाही हा शब्द ठाऊक असतो, मात्र प्रत्येक द्रेष्काणाला रूप असतं हे बहुतेकांना माहीत नसतं. वराहमिहिराच्या बृहज्जातकाचा द्रेष्काणाध्याय काढा. मेषेचा पहिला: कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, रक्षण करायला समर्थ असावा असा, रौद्र, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष. दुसरी: तांबडं वस्त्र, दागिने आणि खाण्याकडे लक्ष, घोड्याचं तोंड, तहानलेली, एका पायाची स्त्री. आणि तिच्याच श्लोकात वराहमिहिर प्रामाणिकपणे सांगून टाकतो की हे रूप यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, सांगितलेलं आहे.

म्हणजे वाट अशी. दहा-दहा दिवसांचे तारे इजिप्तचे. त्यांना रूपं जडली ग्रीकांच्या नक्षत्रपुरुषांची. ती यवनांकडून भारतात आली. नवव्या शतकात बगदादला अबू माशर या ज्योतिषानं आपल्या ग्रंथात इराणी, भारतीय आणि ग्रीक अशा तिन्ही याद्या शेजारी शेजारी दिल्या. तिथून भाषांतरांतून युरोपात. आणि अखेर फेराराच्या दरबारातल्या कोणा विद्वानानं चित्रकार फ्रान्चेस्को देल कोस्साला सांगितलं, असा असा माणूस काढ. ‘भारतीय म्हणतात’ असं म्हणून अबू माशरनं दिलेलं वर्णन आणि भिंतीवरचा माणूस तंतोतंत जुळतात: पांढरं वस्त्र, कमरेची दोरी, उभं राहून राखण करणं. वारबुर्गच्या मते या फाटक्या रखवालदाराच्या पोटात मुळात ग्रीक पुराणवीर पर्सियस दडलेला आहे, आणि वराहमिहिराचा परशू म्हणजे पर्सियसच्या कोयत्याची आठवण. या साखळीतल्या काही कड्या नंतरच्या संशोधकांनी बदलल्या. डेव्हिड पिंग्री यांनी १९६३ मध्ये यवनजातक या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथाच्या अंगानं भारतीय द्रेष्काणांवर लिहिलं, आणि तेही वारबुर्गच्याच संस्थेच्या नियतकालिकात.

जाता जाता: कोस्सानं २५ मार्च १४७० रोजी बोर्सोला पत्र लिहून तक्रार केली की मलाही बाकीच्या फडतूस रंगाऱ्यांइतकेच, चौरस फुटाला दहा बोलोन्यिनी (तिथली नाणी), मिळताहेत. दर काही वाढला नाही. तो बोलोन्याला निघून गेला.

हे सगळं ऐन भरात असताना पहिलं महायुद्ध आलं. वारबुर्ग वर्तमानपत्रांची कात्रणं वेड्यासारखी जमवू लागला. अफवा, शकुन, भाकितं, खोट्या बातम्या. धर्मसुधारक ल्यूथरच्या काळातल्या भविष्यांवरचा त्याचा १९२०चा निबंध या काळातला. पण १९१८च्या शरदात, जर्मनी हरत असताना, त्याचं मन पार ढासळलं. हाती पिस्तूल घेऊन घरच्यांना आणि स्वतःला मारून टाकतो म्हणाला, शत्रूच्या हाती पडायला नको म्हणून. पुढची सहा वर्षं दवाखान्यांत गेली, त्यातली १९२१ ते १९२४ स्वित्झर्लंडच्या क्रॉइत्स्लिंगेनमध्ये मनोविकारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगरच्या आरोग्यधामात. तो तिथं खोलीत येणाऱ्या पतंगांशी बोलायचा. निदान स्किझोफ्रेनियाचं होतं; १९२३ मध्ये एमिल क्रेपेलिन या नामांकित मनोविकारतज्ज्ञानं तपासून ते बदललं आणि बरं होण्याची आशा दाखवली.

त्याच वर्षी २१ एप्रिलला त्यानं आरोग्यधामातल्या रुग्णांपुढं आणि डॉक्टरांपुढं व्याख्यान दिलं. विषय होता सत्तावीस वर्षांपूर्वीचा अमेरिका-प्रवास. भावाच्या लग्नाला म्हणून तो १८९५ साली न्यूयॉर्कला गेला होता, आणि तिथल्या श्रीमंती गोतावळ्याला कंटाळून थेट ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत प्युब्लो आणि होपी या मूळनिवासी लोकांमध्ये पोचला. शाळेतल्या मुलांना त्यानं वादळाची गोष्ट सांगून चित्र काढायला लावलं. चौदांपैकी बाराजणांनी वीज सरधोपट वाकडी-तिकडी काढली. दोघांनी बाणासारख्या तोंडाचा साप काढला. वीज म्हणजे साप, असं म्हटलं की भीतीला रूप मिळतं आणि माणूस व ती भीती यांच्यात विचारापुरती जागा तयार होते, हा त्या व्याख्यानाचा गाभा. स्वतःच्या भीतींशी झगडणारा माणूस हे बोलत होता, हे विसरून ते वाचता येत नाही. मात्र त्याच्या या भागावर टीकाही रास्त आहे. होपींना नकोसा झालेल्या एका मिशनऱ्याचा हात धरून तो त्यांच्या विधींपर्यंत पोचला, फोटो काढले, आणि प्रसिद्ध सर्पनृत्य तर त्यानं पाहिलंच नव्हतं. व्याख्यान छापू नये अशी त्याची इच्छा होती. ते १९३९ मध्ये छापलं गेलं.

तो दवाखान्यात असताना त्याचा व्हिएन्नाचा सहकारी फ्रिट्झ सॅक्सल यानं घरच्या ग्रंथालयाची संशोधनसंस्था केली. १९१९ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठ निघालं होतं. तिथले तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर, कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की इथं येऊ लागले. कासिरर पहिल्यांदा कपाटं पाहून म्हणाला, हे धोक्याचं आहे, एक तर इथं फिरकू नये, नाही तर वर्षानुवर्षं कोंडून घ्यावं. कारण पुस्तकं ना लेखकाच्या नावानं लावलेली, ना आकारानं. खगोलशास्त्राशेजारी फलज्योतिष, औषधाशेजारी जादूटोणा. तुम्हाला हवं ते पुस्तक घ्यायला जावं आणि खरं लागणारं पुस्तक त्याच्या शेजारी निघावं. याला वारबुर्ग ‘चांगल्या शेजाराचा नियम’ म्हणायचा. विचार बदलला की तो पुस्तकं हलवायचा. १ मे १९२६ रोजी नवी वास्तू उघडली, वाचनालय लंबवर्तुळाकार, दारावर ग्रीक अक्षरांत एकच शब्द: म्नेमोसिनी, स्मृतीची देवता.

तेच नाव त्याच्या शेवटच्या कामाचं, म्हणजे त्या चित्रांच्या ॲटलासचं. काळं कापड ताणलेल्या मोठ्या पाट्या, त्यांवर टाचलेले फोटो: शवपेट्या, भित्तिचित्रं, पत्त्यांची पानं, टपाल तिकिटं, जाहिराती, गोल्फ खेळणारी बाई, १९२९ मधल्या पोपच्या मिरवणुकीची कात्रणं. शेवटच्या अवस्थेत ६३ पाट्या आणि ९७१ चित्रं होती, मजकूर जवळजवळ नाहीच. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी हृदयविकारानं तो गेला तेव्हा काम अर्धवटच होतं. चार वर्षांनी, डिसेंबर १९३३ मध्ये, सॅक्सल आणि वारबुर्गची सहकारी गर्ट्रूड बिंग यांनी नाझींच्या हातून सुमारे साठ हजार पुस्तकं ५३१ खोक्यांत भरून दोन छोट्या बोटींनी लंडनला हलवली. १९४४ पासून ती लंडन विद्यापीठात आहेत, आणि चित्र, शब्द, दिशा, कृती या चार मजल्यांची रचना अजूनही तीच आहे.

‘आयकॉनॉलॉजीचा जनक’ हे बिरूद अर्धं खरं. १९१२च्या व्याख्यानात त्यानं तो शब्द वापरला, पण त्याच्या तीन पायऱ्या बांधून शिकवण्याजोगी पद्धत केली ती पानोफ्स्कीनं. वारबुर्गला पायऱ्यांत बसवता येत नाही. आणि हल्ली एक उलटा रोग दिसतो. दोन चित्रं सारखी दिसली की शेजारी चिकटवायची आणि खाली ‘वारबुर्गीय’ लिहायचं. असे शोधनिबंध मी बरेच तपासले. एकानं तर क्रिकेटपटूचं अपील आणि रोमन सैनिक एकत्र लावले होते; हात वर, यापलीकडे नातं काही नाही. वारबुर्ग ॲटलासपर्यंत पोचला तो मृत्युपत्रं, हिशेबवह्या, पत्रं, अरबी-लॅटिन भाषांतरं चाळून. एक प्रतिमा इथून तिथं कोणाच्या हातानं गेली, हे दाखवता आलं पाहिजे. नाही तर तो नुसता कोलाज.

तर तुम्ही असं करा. चरित्र-बिरित्र नंतर, एर्न्स्ट गोम्ब्रिच यांचं १९७०चं आहे, चांगलं आहे, पण त्यानं वारबुर्ग जरा जास्तच नीटनेटका होतो. आधी स्किफानोयाचं व्याख्यान इंग्रजीत मिळवा. मार्चच्या पट्ट्याचा मोठा प्रिंट काढून भिंतीला लावा आणि शेजारी बृहज्जातकातले मेषेचे तीन श्लोक स्वतःच्या हातानं लिहून चिकटवा. पहिले दोन द्रेष्काण मी वर सांगितलेच. तिसरा श्लोकात क्रूर, कलांचा जाणकार, पिंगट, लाल वस्त्रांचा, हातात दांडका उगारलेला आहे. भिंतीवरच्या तिसऱ्या तरुणाच्या हातात मात्र बाण आहे, आणि एक कडं. कड्याचा वराहमिहिराकडे पत्ता नाही. ते अबू माशरकडे शोधा.